फट यांची हकालपट्टी

कवळ्या बनवणाऱ्यांचा एक ऑनलाइन कट्टा होता. नाव ‘बत्तिशी’. जो तो आपल्या कामाचे फोटो तिथे टाकी, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवी आणि खऱ्या नावाऐवजी दातातलं काहीतरी नाव घेई. कुणी सुळा, कुणी कीड, कुणी नुसताच खड्डा. ‘बत्तिशी’ न वाचणारा कवळीवाला त्या धंद्यात शोधून सापडला नसता. कट्ट्याचा कारभार पाहणाऱ्याचं नाव होतं अक्कलदाढ.

अक्कलदाढ म्हणजे थोरला. घराच्या खालच्या खोलीत त्याची आणि धाकट्या भावाची कार्यशाळा होती. थोरला फोन घेई, डॉक्टरांशी गोड बोले, कट्ट्यावर भांडे. धाकटा मेण वितळवी, दात बसवी, हिरडी कोरी, घासून चकचकीत करी. मग थोरला फोटो काढी आणि खाली लिही, ‘आमचं काम’.

प्रस्ताव

आजवर कट्ट्यावरून कुणाला काढलं, की तो गुपचूप नाहीसा होई. थोरल्याने नवीच टूम काढली: ज्याला हाकलायचं त्याचं नाव, गुन्हा आणि पुरावा सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावायचा. कायमचा.

सुळा: कशाला? माणूस गेला, विषय संपला. जाणाऱ्याच्या पाठीवर पाटी कशाला?

अक्कलदाढ: कारभार उघड हवा. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, मनमानी केली.

सुळा: मग त्याला फलकाखाली उत्तर देता येईल ना?

अक्कलदाढ: कसं देणार? त्याचं खातं बंद.

सुळा: वा! आपण सगळ्यांनी थुंकायचं आणि त्याला पुसायला हातही नाही.

कीड: सुळेसाहेब, तुम्हालाच एवढं का टोचतंय? चोराच्या मनात चांदणं?

इथे सुळ्याने विरोध मागे घेतला. भले भले घेतात. प्रस्ताव मंजूर झाला. शेवटी थोरल्याने स्वतःच्या अकलेने एक कलम जोडलं: लावलेला फलक काढायचा झाला, तर काढण्याचं कारणही तितक्याच मोठ्या अक्षरांत लावायचं.

हे कलम लक्षात ठेवा. थोरल्याच्या घशात तेच अडकणार आहे.

पुरावा

फलक तयार, पण गुन्हेगार नाही. नवी सुरी घेतली की माणूस काहीतरी कापायला शोधतोच. थोड्याच दिवसांत ‘फट’ नावाच्या नव्या सदस्याने काही कवळ्यांचे फोटो टाकले. खाली लिहिलं, ‘माझं काम. कसं वाटलं सांगा.’

थोरल्याने फोटो मोठा केला आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. आणि वर, पुढच्या दोन दातांशेजारचा डावा दात केसभर वळलेला. सगळे दात सैनिकांसारखे उभे केले की कवळी खोटी दिसते. एकाने रांग मोडली की तोंड खरं वाटतं. ही त्याच्या कार्यशाळेची खूण. डॉक्टर लट्टू होते ते या वाकड्या दातावर.

“चोर!” तो ओरडला. “माझं काम ढापून मिरवतोय.”

धाकट्याच्या हाताखालचं घासायचं चाक थांबलं. “कोण?”

“कुणी फट म्हणून आहे. थांब, त्याची फटफजितीच करतो.”

“दादा, आधी विचार तरी त्याला. म्हणजे... असेल काहीतरी.”

“चोराला काय विचारायचं? तू दात घास.”

धाकट्याने चाक सुरू केलं.

फलक

सदस्य: फट.
गुन्हा: दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवणे.
शिक्षा: कायमची हकालपट्टी.
पुरावा: डावीकडे अक्कलदाढ यांचं काम, उजवीकडे फट यांनी चोरलेलं. वाकडा दात पाहा.

उत्तरं

कीड: बोटं छाटा.

खड्डा: असल्याला प्लास्टर कालवायलासुद्धा ठेवू नये.

कीड: तोंडात वीट घाला.

फट: (लिहिता येत नाही)

जेवण

दुपारी वरच्या खोलीत थोरला जेवता जेवता एकेक उत्तर मोठ्याने वाचत होता.

“भावजी कुठेत?” बायकोने विचारलं.

“भूक नाही म्हणाला. हे ऐक, हे ऐक! ‘तोंडात वीट घाला’!”

“घाला की. घरातलंच तोंड आहे.”

“म्हणजे?”

“फट म्हणजे भावजी. नदीपलीकडच्या त्या मोठ्या कार्यशाळेत घेणार होते त्यांना. मालकीण म्हणाली, कट्ट्यावर चार कामं टाका, लोक काय म्हणतात बघते आणि घेते. तुम्हाला आधी सांगायची छाती नव्हती त्यांची.”

“पण काम माझं आहे!”

“तुमचं?” तिने भांडं आदळलं. “मेणाला हात लावून जमाना झाला तुम्हाला. आणि तो वाकडा दात कुणाचा, आठवतंय तरी? सासूबाईंचा. त्या हसल्या की तस्साच दिसायचा. दात पडल्यावर भावजींनी त्यांची कवळी तशी केली, ती पहिली. आरशात बघून म्हणाल्या, ‘मेल्या, माझा दात परत आणलास!’ तुम्ही तेव्हा फोनवर होतात.”

थोरल्याने हात बरोबर ओळखला होता. मनगट तेवढं चुकलं.

तो खाली गेला. धाकटा बंद चाकासमोर बसला होता.

“वहिनीने सांगितलं?”

“हं.”

“मग फलक काढ, दादा. पलीकडच्या मालकिणीने वाचलाय. तुलाच विचारणार आहे म्हणाली. संध्याकाळपर्यंत थांबते.”

“काढतो.”

पुसलेलं

‘फलक काढत आहे. कारण: फट हा माझा भाऊ असून ते काम त्याचंच...’ पुसलं.

‘फलक काढत आहे. कारण: गैरसमज.’ कीड विचारणार, कसला? पुसलं.

‘फलक काढत आहे. कारण:’

इथे बोट थांबलं. समोर धाकट्याचं स्टूल होतं. ते रिकामं झालं तर? थोरल्याने सहज म्हणून मेणाचा तुकडा उचलला, चिमटीत दाबला. मेण फुटलं. डॉक्टरांच्या रोग्यांना गोड बोलणं चावता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात निरोप आला: ‘अक्कलदाढसाहेब, फलक वाचला. या माणसाला मी कामावर घेणार होते. तो म्हणतो, काम त्याचंच आहे. तुमचा शब्द शेवटचा. खरं काय?’

थोरल्याने लिहिलं, ‘फलकात सगळं आलंय.’ पाठवलं. फोन टेबलावर ठेवला.

“काय म्हणाली?” धाकट्याने विचारलं.

“जागा भरली म्हणे.”

फोन उघडाच होता. धाकट्याने वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं, निरोप दोनच ओळींचा असून.

“आणि फलक?” त्याने विचारलं.

“राहू दे आता. चार दिवसांत विसरतील लोक.” थोरला त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला. “डॉक्टरांची कवळी आज द्यायचीय रे. डावा दात जरा वळव. तुझ्यासारखा हात आहे का कुणाचा?”

धाकटा जागचा हलला नाही. दारापर्यंत जाता येत होतं. दारापलीकडे सगळे ‘बत्तिशी’ वाचणारे होते.

त्याने ज्योत पेटवली. दात सरळ बसवला. सरळच ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण मेण मऊ झालं आणि अंगठा जायचा तिथे गेला. दात वळला. आई हसल्यासारखी दिसली.

थोरल्याने फोटो काढला.

आमचं काम

खड्डा: जबरदस्त!

कीड: याला म्हणतात हात. चोरांनो, बघा आणि जळा.

फट: (लिहिता येत नाही)