जिवतीचा खिळा

कुडव्यातल्या नव्या घरासाठी खिडक्या-दारं निवडायला बिसनलाल गोंदियाच्या दुकानात गेला, तो तोंड पाडूनच. सोबत बायको तुलसा आणि मुलगा टिकेश. खिडक्यांबद्दल त्याची तक्रार नव्हती. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, त्यांना मच्छरांची जाळी. त्यानं एक-दोनदा उघडझाप करून पाहिली आणि मनातल्या मनात खूशही झाला. घोडं अडलं ते दारापाशी. टिकेशनं दार लोखंडी पसंत केलं होतं, आणि चौकटही लोखंडीच.

"याले खिरा कुठी ठोकाचा?" बिसनलालनं विचारलं.

दुकानदार दुर्गाप्रसादला वाटलं, काकाजींना कॅलेंडर टांगायचं असेल. त्यानं चिकटवायचा हूक पुढे केला. टिकेश हसला, बिसनलाल चिडला. आता या माणसाला जिवती काय समजावून सांगायची?

त्यांच्या जुन्या गावी, दवनीवाड्यात, आषाढाच्या अमावस्येला, जिवतीच्या दिवशी, मनिराम लोहार घरोघर फिरायचा. चौकटीत एक खिळा ठोकायचा, म्हणजे वर्षभर रोगराई, इडापिडा घराबाहेर. मग तुलसा सुपातून तांदूळ आणायची, ते झोळीत घेऊन तो पुढच्या दारी जायचा. जुन्या सागवानी चौकटीत खिळ्यांची रांगच झाली होती. टिकेश तान्हा असताना गोवरानं फणफणला, त्या वर्षी मनिराम चिखल तुडवत सगळ्यांत आधी यांच्याच घरी आला होता. तो खिळा कोणता, हे बिसनलाल डोळे मिटून दाखवायचा. ते घर आता विकलं गेलं होतं, चौकटीसकट. निदान नव्या दाराला मनिरामचा हात लागावा, एवढंच त्याला हवं होतं. कुडव्यालाही येईन, असं मनिराम सांगून होता. दारी आलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं परत पाठवायचं?

लाकडाचंच घेऊ म्हणून तो हट्टालाच पेटला. शेवटी तुलसा मध्ये पडली.

"पावसात फुगलेलं दार रोज खांद्यानं कोन ढकलत होता? मी," ती म्हणाली. "लोखंडाचंच घ्या."

बिसनलालनं हट्ट सोडला. लोखंडी दार आलं.

जिवतीच्या दिवशी बिसनलाल सकाळपासून रस्त्याकडे बघत होता. मनिराम यावाही वाटे, येऊ नये असंही वाटे. तो आला, पत्ता विचारत, सायकलवर. त्यानं चौकटीवरून हात फिरवला, बोटानं टकटक करून पाहिलं, आणि काढलेला खिळा खिशात परत ठेवला.

"भाऊ, आमी खिरा ठोकतो काऊन? दारात लोहा पाहिजे म्हून. तुमचं तं दारच लोहा आहे. माझं काम नाई राह्यलं अठी."

तुलसा सूप घेऊन आली, तसा तो मागे सरला. "काम नाई केलं, तं तांदूर कायले घेऊ?" हात जोडून तो सायकलकडे वळला.

बिसनलाल पायरी उतरून त्याच्यामागे गेला. "थांब गा मनिराम. काम नाई तं नसू दे. पाहुना म्हून आत ये. वडे तळले तुलसानं."

मनिराम थबकला. खिळा, तांदूळ आणि पुढचं घर. इतक्या वर्षांत त्याचं पाऊल उंबऱ्याच्या आत कधी पडलं नव्हतं. ये असं कुणी म्हटलंच नव्हतं, आणि हे बिसनलालला आत्ता कळत होतं. त्याची त्यालाच लाज वाटली.

मनिरामनं हातोडा पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि जरा बिचकतच तो आत आला. टिकेशनं त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. ताट आलं. गरम वडा मोडता मोडता त्याची नजर पुन्हा दाराकडे गेली.

"दार बेस आहे, भाऊ," तो म्हणाला. "पन तुमची जुनी चौकट लय गुनाची होती. कधी खिरा वाकला नाई तिच्यात."

बिसनलालच्या डोळ्यांत पाणी आलं. तुलसाला हाक मारून त्यानं मनिरामच्या ताटात आणखी वडे वाढायला सांगितले.