ओल्या चादरींची पाटी

"हात लावू नकोस म्हटलं ना," ठेंगी म्हणाली आणि ओल्या चादरींची पाटी तिनं आपल्याकडे ओढली. "फाटलेलं शिवून आणलंस ना? मग शिवल्यासारखी राहा."

शिडी हसली. मांडीला मांडी न आवळता हसली. असं हसणं तिला ऑपरेशननंतरच जमायला लागलं होतं.

एक उंच, एक बुटकी, म्हणून लॉजवर दोघींना ही नावं पडली होती. मागच्या अंगणात त्यांनी उभा जन्म चादरी पिळल्या. पिळायचं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या, आणि पीळ एकमेकींच्या उलट. पाणी उतरायचं ते नेमकं ठेंगीच्या पायांवर. "उंची हिची आणि न्हायचं मी," असं ती रोज म्हणायची आणि शिडी रोज हसायची.

मग शिडीचं अंग बाहेर यायला लागलं. मोरीत पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा ती घाबरून तशीच बसून राहिली. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. तिचा जावई रंगारी होता, तरी तिनं तोंड उघडलं नाही. फाटक्या अभ्र्याची चौपदरी घडी आत धरायची आणि पाटी उचलायची. खोकला आला की जीव मुठीत. कुणाकडे जाऊन बसायचं नाही. नवऱ्याकडे पाठ करून झोपायचं. तो समजला, हिचं मन उडालं. शेवटी ठेंगीनंच ओळखलं आणि हाताला धरून दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता जड उचलायचं नाही, कधीच नाही. शिडी हलकी होऊन घरी आली, पण घर बदललं होतं. नात हात वर करून उभी राहिली की आधी आपण खाली बसायचं, मग तिला कुशीत घ्यायचं. नवरा जवळ यायलाच भ्यायचा, जणू ती काचेची होती.

मुकादम म्हणाला होता, नुसत्या घड्या घालायला बाई कशाला पोसू? तेव्हा ठेंगी मध्ये पडली. घड्या ती घालील, तिच्या वाटचं ओझं मी उचलीन, तुला काम झाल्याशी मतलब. त्या बोलीवर शिडीची नोकरी टिकली. आता ठेंगी चादरीचं दुसरं टोक खांबाला बांधून एकटीच पिळायची.

आज पाटी घेऊन निघालेली ठेंगी अंगणाच्या मध्यावरच थांबली. पाटी खाली ठेवली, पायावर पाय आवळून क्षणभर उभी राहिली. मग घड्यांच्या टेबलापाशी आली, चिंध्यांतला एक अभ्रा उचलला आणि बोलता बोलता त्याची चौपदरी घडी घातली. पुसायच्या फडक्याची अशी घडी कुणी घालत नाही. शिडीच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

"कधीपासून?"

ठेंगीनं आधी न कळल्यासारखं केलं. मग खाली बघत म्हणाली, "तू दवाखान्यात होतीस, तेव्हापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय? पाटी तू उचलणार होतीस? एकीचं शिवलंय, तेवढं तरी टिकू दे."

उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जायचं, शिडी म्हणाली. दोघी घड्या घालत बसलो तर मुकादम काय ओवाळणार आहे आपल्याला, असं ठेंगीनं विचारलं.

तेवढ्यात मुकादम दारात आला. पाटी मध्येच का पडली आहे, असं त्यानं विचारलं.

"ती उचलणारं आता कुणी नाही," शिडी म्हणाली.

त्यानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळी जाताना भेटून जा, एवढंच बोलून तो आत गेला. त्या भेटीत काय होणार ते दोघींनाही कळलं.

शिडी उठली. पाटीतून तिनं एकच चादर काढली, खांद्यावर टाकून खांबापाशी आणली. ठेंगी सवयीनं टोक खांबाला बांधायला गेली. शिडीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि चार पावलं मागे सरकून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पिळायला मनाई केली नव्हती. तिनं विचारलंही नव्हतं.

दोघींनी पीळ दिला. पाणी ठेंगीच्या पायांवर उतरलं. शिडी ठेंगीच्या त्या रोजच्या वाक्याची वाट बघत राहिली.