गोणपाटाचा माणूस

बाहुल्याच्या डाव्या पायात शेवटची मूठ वाळू ठासून दाभणमावशीने तोंड शिवलं आणि सुतळी दाताखाली धरून कटकन तोडली. या वयात सगळे दात जागच्या जागी आहेत याचा तिला तोरा होता, आणि तो मिरवायची एकही संधी ती वाया जाऊ देत नसे.

"मावशी, कात्री देऊ का?" स्टोअरकीपरने विचारलं.

"राहू दे. तुझी कात्री तुझ्यासारखीच, नुसती चकाकते."

तो हसला. मावशीच्या बोलण्यावर साइटवर सगळेच हसत. रागावण्यापेक्षा ते सोपं होतं. रिकामी गोणपाटं जोडून मोठाली पटकुरं शिवायची, ती भिजवून नव्या खांबांना गुंडाळायची, म्हणजे काँक्रीटला भेगा पडत नाहीत, हे तिचं काम. नाव त्या कामातल्या दाभणावरून पडलं असं ती स्वतः सांगायची. इतरांचं मत वेगळं होतं.

आज मात्र भलतंच काम आलं होतं. दुपारी मोठे साहेब येणार होते. उंचावरून पडलेला माणूस बेल्टमुळे कसा वाचतो, हे सेफ्टीसाहेबाला त्यांच्यापुढे करून दाखवायचं होतं. त्यासाठी वाळू भरलेला, माणसाच्या वजनाचा बाहुला हवा होता.

"खरा माणूस एकदम ढकलून देता येत नाही ना," सेफ्टीसाहेब सकाळी हसत म्हणाला होता.

"खरे आपले आपण पडतात, साहेब," मावशी म्हणाली होती.

तेव्हा कुठे त्याला आठवलं, आपण कुणाशी बोलतो आहोत. हातातला फोन कानाला लावून तो निघून गेला. फोन वाजलाच नव्हता.

माप कुणी दिलं नव्हतं. मावशीने अंदाजाने कापलं, अंदाजाने शिवलं. आता स्टोअरकीपरने बाहुल्याला एक जुनी पँट चढवली, तर ती घोट्याच्या बरीच वर राहिली.

"पाय लांब झाले की गं मावशी."

"असतात कुणाकुणाचे," ती म्हणाली आणि खाली वाकून उगाचच शिवण चाचपत बसली.

तिच्या थोरल्याला कुठलीच पँट कधी पुरली नव्हती.

थोरला गेल्या उन्हाळ्यात याच इमारतीच्या बाहेरच्या परांचीवरून पडला. लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून बांधलेल्या त्या परांचीवर माणसं चढवायची ती मुकादमाने, आणि मुकादम म्हणजे मावशीचा पाठचा भाऊ. तोच घरी येऊन तिच्या पायाशी बसला होता. "ताई, बेल्ट होता गं त्याच्या अंगात. मी माझ्या हाताने हूक लावला होता. पट्टाच तुटला, त्याला कोण काय करणार?" मग खिशातून एक निळा पट्टा काढून त्याने तिच्यापुढे ठेवला होता. टोकाला धागे सुटलेले. मावशीने तो पदराने पुसला आणि ट्रंकेत थोरल्याच्या कपड्यांवर ठेवून दिला.

सुनेने तेव्हाच तोंड उघडलं होतं. "आई, हे रोज घरी येऊन सांगायचे, बेल्ट कुणालाच देत नाहीत म्हणून. मामा खोटं बोलतायत."

"माझ्या कडेवर वाढलाय तो," मावशी कडाडली होती. "त्याला खोटा म्हणणारीने माझ्या उंबऱ्याच्या आत राहू नये."

सून राहिली नाही. माहेरी गेली, ती गेलीच. मावशीने निरोप धाडला नाही. सुनेला गरज असेल तर तिने धाडावा. आता घरात मावशी आणि धाकटा. धाकट्याला थोरल्याच्या जागी उद्यापासून वर घ्यायचं मुकादमाने ठरवलं होतं. "माझ्या नजरेखाली राहील, ताई," तो म्हणाला होता, आणि भावाच्या शब्दावर मावशीने मान डोलावली होती. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर तिने पोराला साधी शिडीसुद्धा चढू दिली नसती.

स्टोअरकीपरने फळीखालून एक खोका ओढला, वरची धूळ फुंकली आणि झाकण उघडलं. आत प्लास्टिकची पाकिटं एकावर एक रचलेली होती.

"सांभाळून हं मावशी. पाकीट फाडू नकोस. अलगद तोंड उघडून काढ, परत तस्संच भरायचंय."

बेल्ट बाहेर आला. नारिंगी, कोरा करकरीत, घडीच्या जागी कडक वळ पडलेले. नव्या चपलेसारखा वास.

"कधीचे रे हे?"

"पाया खणला तेव्हापासूनचे." स्टोअरकीपरची छाती फुगली. "पण बघ, आहेत तसे आहेत. माझ्या आधीचा होता, त्याने हातमोजे वाटले, एक जोड परत आला नाही. मी यातला एक बाहेर जाऊ दिला नाही. तुझा भाऊ आला होता मागायला. म्हटलं, फाटला तर भरून देशील का? पुन्हा काही फिरकला नाही."

मावशीचा हात पट्ट्यावरून फिरत होता. तो थांबला.

"आणि ते निळे?"

"कुठले निळे?"

"निळे असतात बघ. याच्याहून रुंद."

"ते होय! ते गाडीवर पाइपांच्या मोळ्या आवळायचे. माणसाला कोण बांधतंय त्याने?" त्याने हनुवटीने दाराकडे दाखवलं. "तो काय ढीग पडलाय."

दाराबाहेर भिंतीशी निळ्या पट्ट्यांचा गुंता पडला होता. मळलेले, पिळवटलेले, टोकाला धागे सुटलेले. हवा तो उचलावा आणि खिशात घालावा. रोज याच दारावरून मावशी गोणपाटं घेऊन जात होती. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं, मग वळून बाहुल्याचा हात धरला आणि बेल्टमध्ये घालायला ओढला. खांद्याची शिवण टरकन उसवली. वाळू तिच्या पायावर सांडली.

"अगं हळू! जीव काढतेस काय त्याचा?"

मावशीने खांदा पुन्हा शिवला, आणि सुतळी तोडायच्या वेळी त्याच्याकडे हात पुढे केला.

"कात्री दे."

दुपारी मोठे साहेब आले. पांढऱ्या टोप्या घालून खुर्च्यांवर बसले. मोकळ्या जागेत पाइपांचा उंच सांगाडा उभा केला होता. त्यावर फळ्यांचा माचा, डोक्याच्या वर दोर बांधलेला आडवा पाइप. खोक्यातले बेल्ट सगळ्या कामगारांना चढवून त्यांना ओळीत उभं केलं होतं, फोटोत बरे दिसतील असे. धाकटाही त्यांत होता. पाठीवरची कडी कशी दिसते ते बघायला मान वळवून वळवून तो स्वतःभोवती फिरत होता. लग्नाला आलेला घोडा, पण नवं काही अंगावर चढलं की अजून तसाच.

बाहुला सांभाळायला मावशी वर माच्यावर होती. मांडीचे पट्टे कसे घ्यायचे, छातीवरची बकल कशी बसवायची, पाठीच्या कडीत हूक कसा अडकवायचा, हे सेफ्टीसाहेबाने तिला दाखवलं होतं, आणि मग त्याला खाली पाहुण्यांच्या कानाशी लागणं भाग होतं.

त्याने हात केला. मावशीने बाहुल्याला ढकललं.

तो गेला. दोर ताठला, पाइप कण्हला, आणि बाहुला हवेत एक हिसका खाऊन थांबला. लांब पाय दोनचार झोके घेऊन स्थिरावले. टाळ्या झाल्या. त्या पायांच्या आणि जमिनीच्या मध्ये एवढी जागा उरली होती, की एखादा माणूस मान न वाकवता खालून चालत गेला असता. मावशी कठड्याला धरून त्या जागेकडे बघत राहिली.

"छान. आता एखादा जिवंत माणूस होऊन जाऊ दे," खुर्चीवरचे सगळ्यांत मोठे साहेब म्हणाले.

ओळीतले सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मुकादमाने पुढे होऊन धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

"हा जाईल साहेब. माझा भाचा. उद्यापासून वर यालाच घेणार आहे."

"त्याला कशाला?" माच्यावरून मावशीचा आवाज आला. "मुकादमाने दाखवावं आधी. रोज लोकांना वर चढवतो, एकदा कसं उतरतात तेही दाखवू दे."

ओळीत खसखस पिकली. साहेबही हसले. "बाई बरोबर बोलतात. चला मुकादम."

मुकादम शिडी चढून आला तो दात काढत, आणि वर पोहोचताच दात आत घेऊन. "काय गं ताई, चारचौघांत..."

"हात वर कर."

त्याने केले. मावशीने पट्टे खांद्यावरून घेतले, मांडीतून घेतले, बकल लावली. लहानपणी त्याच्या सदऱ्याची बटणं तीच लावायची, आणि तो असाच हनुवटी वर करून उभा राहायचा.

"आवळतोय गं."

"आवळेलच. नवा आहे. आजच पाकिटातून निघाला."

तो कसनुसा हसला.

"सगळेच आज निघाले," मावशी त्याच्या पाठीमागे जात म्हणाली. "निळा एकही नव्हता रे त्यांत."

मुकादमाची मान वळता वळता थांबली. खालून सगळे बघत होते. त्याच्या मानेवर घाम आला, आणि एक थेंब नव्याकोऱ्या पट्ट्यावर जाऊन पसरला.

"ताई, हूक लावलास ना?"

मावशीने मागून त्याची कॉलर सारखी केली.

"ताई. लावलास ना हूक?"

"माझ्या थोरल्याने असंच विचारलं होतं का तुला?"

त्याने हात मागे नेऊन चाचपडून पाहिलं. कडी पाठीच्या मधोमध असते. स्वतःचा हात तिथे पोहोचत नाही.

"मी मागायला गेलो होतो," तो ओठ न हलवता पुटपुटला. "देईचनात. काम थांबवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम आणला असता त्यांनी."

"आणला असता."

"ताई, माझीही पोरंबाळं आहेत गं."

"आहेत ना," मावशी म्हणाली. "दिसतात मला येताजाता."

"अहो मुकादम, मुहूर्त बघताय की काय?" खालून साहेबांनी विचारलं, आणि पुन्हा सगळे हसले.

मुकादमाने डोळे मिटले. त्याचा पाय फळीवरून सुटला, तो त्याने स्वतः उचलला की पाठीवर मावशीचा तळवा टेकला म्हणून, ते खालच्यांना कळणं शक्य नव्हतं. दोर ताठला. पाइप कण्हला. मुकादम हवेत दोन्ही हातांनी काहीतरी धरू बघत लोंबकळत राहिला, आणि त्याच्या डोक्यावरची टोपी तेवढी खाली पडून गडगडत साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेली.

हूक लावलेला होता.

टाळ्या मघापेक्षा जोरात झाल्या. कुणीतरी फोटो काढला. "बघा," सेफ्टीसाहेब सगळ्यांना सांगत होता, "केसालाही धक्का नाही." मावशी माच्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि खाली वाकली, इतकी की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बहीण भावाची विचारपूस करते आहे.

"तुटला का रे?"

मुकादमाने वर पाहिलं नाही. त्याचे पाय बाहुल्याइतके लांब नव्हते. त्यांच्याखाली जागा आणखीच जास्त उरली होती.

मग त्याला खाली घेतलं. साहेबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, तेव्हा तो साहेबांचा हात सोडायलाच विसरला, आणि साहेब त्यावरही हसले. चहा आला. पांढऱ्या टोप्या गाड्यांकडे वळल्या. गाड्यांचा धुरळा बसायच्या आत स्टोअरकीपर खोका घेऊन ओळीपाशी हजर झाला.

"एकेकाने पुढे या. घडी घालून द्या. पाकिटं माझ्याकडे आहेत."

सगळे बकला सोडू लागले. बोलण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलंच नाही. मावशी शिडीवरून उतरून सरळ धाकट्यापाशी आली. त्याने छातीवरची बकल काढून एक खांदा मोकळा केला होता.

"राहू दे अंगात."

"अगं, जमा करायचेत."

"राहू दे म्हटलं ना. उद्याही अंगात, परवाही अंगात. हा नसेल तर शिडीला पाय लावायचा नाहीस."

"मावशी, असं कसं चालेल?" स्टोअरकीपर खोका कडेवर घेऊन मध्ये आला. "माझा एक कमी पडेल."

"माझाही एक कमी आहे," मावशी म्हणाली. तिने स्टोअरकीपरकडे पाहिलंही नव्हतं.

धाकटा गोंधळला. पलीकडे मुकादम वाळूच्या ढिगावर बसून चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून होता. त्याच्या अंगातला बेल्ट अजून तसाच होता. त्याला तो सोडता येत नव्हता आणि कुणी सोडवायला गेलं नव्हतं.

"आई, ऐक ना," धाकटा हळूच म्हणाला. "मामाने सांगितलंय, सगळ्यांनी परत करायचे म्हणून."

मावशीने त्याचा मोकळा खांदा पट्ट्यात घातला आणि बकल शेवटपर्यंत ओढून बसवली.

"कुठला मामा?" ती म्हणाली.