पुढची चाकं

"काका, पुढचे चाकं तर झोपलेत तुमचे."

किशन वाळूत उकिडवा बसून माझ्या जीपकडे बघत होता. त्याची टरबुजाची वाडी तिथेच, पैनगंगेच्या पात्रात होती. मी स्टेअरिंगवर बसलो होतो आणि मागची चाकं वाळूत अर्धी गेली होती. फोर-व्हीलचा लिव्हर मी केव्हाच ओढला होता. परत गिअर टाकून रेस दिली. मागून वाळू उडाली आणि जीप आणखी खाली बसली.

"नीट बघ," मी म्हणालो. "चारही फिरायला पाहिजेत."

"कुठले चार? मागचे दोघं राबून राहिलेत आन् पुढचे दोघं जावई आल्यावानी बसलेत."

मी खाली उतरलो. त्याला ट्रॅक्टर चालवता येत होता, म्हणून त्याला माझ्या जागेवर बसवलं आणि मी बाजूला वाळूत आडवा होऊन खाली बघितलं. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरत होता. तो अ‍ॅक्सलच्या पोटात जात होता. तिथून पुढे काही फिरत नव्हतं. चाकं जागची हलत नव्हती.

मी नोकरीभर सरकारी जीप चालवली आहे. आतले दाते तुटले असते तर आवाज आला असता. दाते तुटले की माणूस दात खातो तसा आवाज येतो. इथे कसलाच आवाज नव्हता. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. किशनला वाटलं मला काही झालं, तो इंजिन बंद करून उतरला.

त्याने ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि जीप काठावर ओढून काढली. मग हात झटकत गाडीभोवती एक चक्कर मारली. वरची जाळी, मागचं फावडं, डिझेलची दुसरी टाकी, कॅनव्हासच्या पिशव्या, सगळं बघितलं.

"एवढा संसार घेऊन कुठं निघाले म्हणायचे?"

"आज बघायला आणली होती वाळूत. जायचंय स्पितीला. हिमाचलात."

"तिथं काय हाय?"

"डोंगर. रस्ता नीट नाही, नाले ओलांडावे लागतात."

"आमच्याकडं बी रस्ता न्हाई. इथंच ऱ्हावा की." मग डाव्या सीटकडे बघून त्याने विचारलं, "एकटेच?"

"मंडळी येणार होत्या. वारल्या. वर्ष झालं."

"मग अस्थी घेऊन चालले का?"

"आमच्यात पुरतात," मी म्हणालो.

किशन वाडीत जाऊन एक टरबूज घेऊन आला आणि माझं लक्ष नसताना डाव्या सीटवर ठेवलं. थोडं पुढे गेल्यावर मी गाडी थांबवली आणि ते मागे ठेवलं.

ही जीप पाटबंधारे खात्याचीच. मी तिच्यावर ड्रायव्हर होतो. तलाव, कालवे, साइटवरचे साहेब, सगळं हिच्यावर झालं. खात्याने लिलावात काढली तेव्हा मी घेतली. जगदेवी म्हणाली, "तुमचं हिच्याशी लग्न आधी झालंय, मला म्हाईत हाय." पण स्पितीचं तिनेच काढलं. मोबाइलवर कुणाची तरी गाडी रस्त्यावरून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्यातून जाताना तिने बघितली. ती मला दाखवून म्हणाली, "अहो, ह्यात घालायची आपली जीप. मी बसते बाजूला, तुमी घाला."

तेव्हापासून आम्ही जीप बांधायला घेतली. उदगीरला देगलूर रस्त्यावर मलप्पाचं गॅरेज आहे. मलप्पा आणि मी एका गल्लीतले, एका बाकावरचे. त्याने स्प्रिंगच्या पाट्यांचा एकेक पदर वाढवला, गाडी उंच केली, टाकी बसवली, जुन्या इंजिनाला पाणी थंड ठेवणारी मोठी जाळी लावली. जगदेवीने हूड शिवलं. कॅनव्हास जाड, शिलाई मशीनच्या सुया मोडायच्या. ती गॅरेजमध्ये स्टुलावर बसून मापं घ्यायची आणि मलप्पाला म्हणायची, "अण्णा, तुमचं काम झालं की मला सांगा, म्हंजे माझं कुठं चुकलं ते कळंल." मलप्पा हसायचा. आम्हाला दुसरं काही नको होतं. मुलगी मंजुश्री लातूरला सुखात होती. संध्याकाळी आम्ही तिघं त्या गाडीभोवती असायचो.

मग जगदेवी गेली. पोटात कॅन्सर होता. तिला लातूरला अ‍ॅडमिट केलं तेव्हा मला कळलं, आणि थोड्याच आठवड्यांत ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, आधी काही नव्हतंच. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले होते. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आमच्यात, लिंगायतात, माणसाला बसवून पुरतात. डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तेही त्याच्याबरोबर जातं. मागे जवळ ठेवावं, कुठे नेऊन सोडावं असं काही राहत नाही. तिला खाली घेताना मलप्पा खड्ड्यात उतरला होता. पाठ नीट टेकेपर्यंत त्याने तिचं डोकं धरून ठेवलं. मी वरून बघत होतो. मला वाटलं, भाऊ असता तर त्याने हेच केलं असतं.

नंतर मंजुश्री साड्या नात्यात वाटायला आली. हिरव्या काठाची एक इरकल सापडली नाही. मी सगळी कपाटं उलटी केली. मंजुश्री म्हणाली, "बाबा, कुण्या मावशीनं नेली असंल. एका साडीसाठी किती शोधता?" मी सोडून दिलं.

कितीतरी महिने मी जीपला हात लावला नाही. नंतर मला वाटू लागलं की जावं. ती सीट रिकामी ठेवून जावं, पण जावं. मलप्पाला म्हणालो तर तो म्हणायचा, थांब, ब्रेकचं बघायचंय. परत विचारलं तर म्हणायचा, पाऊसपाणी होऊ दे. फोर-व्हील लावून बघू म्हटलं तर म्हणायचा, "डांबरावर लावू नको बाबा, आतला माल घासतो." ते खरंही आहे. म्हणून मी कधी लावून बघितलं नाही. शेवटी त्याला न सांगता किनवटकडे गेलो. वाळू पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या अंगणात पुढच्या अ‍ॅक्सलचं झाकण उघडलं. खाली तसराळं ठेवलं होतं, त्यात तेल पडलं. स्वच्छ, नवं तेल. आत क्राउन नव्हता. क्राउन म्हणजे मोठं दातेरी चक्र, जे दांड्याची ताकद घेऊन दोन्ही चाकांना देतं. ते आणि त्याच्या आतलं सगळं काढून घेतलेलं होतं. दांड्याच्या टोकाचं लहान चक्र तेवढं ठेवलं होतं, म्हणजे खालून बघणाऱ्याला दांडा फिरताना दिसावा. आत कुठे कचरा नाही, ओरखडा नाही. झाकणाला नवं पॅकिंग. सगळे बोल्ट एकसारखे आवळलेले. असं काम उदगिरात एकच माणूस करतो.

जुन्या गाडीचा हा माल आता मिळत नाही. ज्याच्याकडे असतो तो लपवून ठेवतो. मला वाटलं मलप्पाने विकला.

मी चालत गॅरेजवर गेलो. त्याची बायको बसम्मा बाहेर भाजी निवडत होती. म्हणाली, "या भावजी, च्या टाकते." मी नको म्हणालो. मलप्पा एका टेम्पोखाली होता. माझ्या चपला बघून त्याने ओळखलं.

"काय रे, सकाळी सकाळी?"

"बाहेर ये."

तो बाहेर आला. हात पुसत माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुसायचा थांबला.

"उघडलास," तो म्हणाला.

"कुणाला दिलास?"

"कुणाला न्हाई."

"मलप्पा, तुला पाहिजे होता तर मागायचास. अख्खी जीप दिली असती. तिला मातीत बसवताना हात लावलास तू. त्याच हातानं हे केलंस?"

बसम्माने भाजीची परडी उचलली आणि ती आत निघून गेली.

"वैनीनं सांगितलं," मलप्पा म्हणाला.

मी हसलो. 

"खोटं बोलायचं तर जिवंत माणसाचं नाव घे."

"तू टायर आणायला नांदेडला गेलता बघ. त्या दिशी आल्या वैनी. रिक्षानं. त्याच्या आदल्या आठवड्यात मीच त्यांना लातूरला डॉक्टरकडं नेलतं. तुला म्हणाल्या बहिणीकडं चाललेय."

"तिला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तुला?"

"मला बी." तो स्टुलावर बसला. तेच स्टूल. "म्हणाल्या, अण्णा, मी काय आता गाडीत बसत न्हाई. हे एकटे जातील. लोह्याजवळ ह्यांला चक्कर आली तवा स्टेअरिंग मी धरलं. तिकडं डोंगरात कोण धरंल? जाऊ नका म्हटलं तर ऐकणार न्हाईत, आन् ऐकलं तर गाडीचं काम सोडून बसतील. तर काम चालू ऱ्हाऊ द्या. फक्त गाडी डोंगर चढू नये असं करा."

"आणि तू केलंस."

"मी न्हाई म्हणलो, राजू. लई येळा म्हणलो. त्या बसूनच ऱ्हायल्या इथं."

"वर्षभर रोज मला भेटतोस तू."

"शपथ घातलीती."

"मी तुझा कोण होतो मग?"

 तो उठला, आत गेला. लोखंडाच्या मांडणीवरून, मागच्या बाजूने, एक गाठोडं काढून दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. हिरव्या काठाची इरकल. तेलाने काळी पडली होती, पण काठ ओळखू येत होता.

"मी क्राउन गोणपाटात बांधत होतो," मलप्पा म्हणाला. "तर म्हणाल्या, थांबा, गंजंल. घरून आणलेली ही साडी काढली. गाठ बी त्यांचीच हाय. मी सोडली न्हाई."

त्या दिवशी मी नांदेडहून नवे टायर घेऊन आलो होतो. एक टायर ओट्यावर आणून तिला दाखवला होता. तिने त्याच्या खोल खाचांतून बोट फिरवलं आणि विचारलं, "बर्फात चालतील?" मी चालतील म्हणालो. "छान हायत," ती म्हणाली.

एवढंच असतं तर मी कदाचित सोसलं असतं. पण त्यानंतर काही दिवसांनी आम्ही तिच्या सीटसमोर धरायला मूठ बसवली. ती बुटकी होती, कंपनीने बसवलेली मूठ तिला लांब पडायची. गॅरेजमध्ये मी तिला सीटवर बसवलं आणि म्हणालो, "नाला आला असं समज, हात कुठं जातो बघू." तिने हात वर केला. मी खडूने खूण केली. ती म्हणाली, "थोडं खाली. मनगट दुखंल लांबच्या रस्त्यात." मी खूण पुसून खाली केली. मलप्पा ड्रिल घेऊन शेजारी उभा होता. त्यानेच भोकं पाडली. तिला माहीत होतं की पुढचा अ‍ॅक्सल रिकामा आहे, त्यालाही माहीत होतं. मला सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि मी मूठ आवळून बसवत होतो.

लोक म्हणतील, तुझ्या काळजीने केलं. मंजुश्रीनेही फोनवर तेच म्हटलं आणि रडली. मी तिला म्हणालो, तुझ्या आईने दुखणं मलप्पाला सांगितलं, मला नाही. त्याच्या गाडीतून डॉक्टरकडे गेली, माझ्या नाही. ते शेवटचे महिने मला माहीत असते तर मी जीपखाली पडून काढले नसते. वर बसलो असतो तिच्याजवळ. मंजुश्री म्हणाली, "बाबा, तेच तिला नको असंल." असेल. पण मला कोणी विचारलं नाही.

गाठोडं मी रिक्षात घालून घरी आणलं. मलप्पा रस्त्यापर्यंत आला होता. "बसवून द्यायचा असला तर सांग," तो म्हणाला. "एका दिसाचं काम हाय. शपथ आता संपली." मी रिक्षावाल्याला चल म्हणालो.

तेव्हापासून आमचं बोलणं नाही. सोमवारी मठात तो दिसतो. कपाळाला विभूती लावून मागच्या खांबाशी बसतो. मी पुढे बसतो. बसम्मा एकदा डबा देऊन गेली, तो मी धुऊन परत पाठवला.

जीप अंगणात आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचं तोंड उघडंच आहे, धूळ जाऊ नये म्हणून वर पोतं बांधलंय. परवा मी डाव्या सीटवर बसून बघितलं. तिथून कधी बसलो नव्हतो. हात वर केला तर मूठ मला फार खाली लागली.

गाठोडं ओट्यावर आहे. कापडावरून हात फिरवला की क्राउनचे दाते लागतात. तो बसवायला मला मलप्पा लागेलच असं नाही, झाकण उघडं आहे, हत्यारं आहेत. पण आधी गाठ सोडायला पाहिजे. ती अजून सोडलेली नाही.