घोट्यापर्यंतचा कोट

सनकोटाचं वरून तिसरं बटण बाकीच्यांसारखं नव्हतं. बाकीची पांढरी, हे करडं — आईच्या कंपनीच्या जुन्या शर्टावरून काढून लावलेलं. त्या शनिवारी सोसायटीच्या गेटबाहेर नातीच्या, मैत्रीच्या गळ्याखाली आईची बोटं हेच बटण लावत होती आणि मिनलला नुसता राग येत होता... शेवटचा साधा दिवस. साधा होता, म्हणून नीट पाहिलाही नाही.

मैत्री अकरा वर्षांची, चिअरलीडिंगच्या स्पर्धेला निघालेली. निळा चमकता टॉप, आखूड स्कर्ट, केसांत तळहाताएवढी रिबन. संघाची बस यायची होती. समोर चहाची टपरी, तिथं नेहमीचे चार-पाच पुरुष. आईनं आपल्या अंगातला सनकोट उतरवून नातीला चढवला. तो फुटपाथवर लोळत होता.

"आजी, मी यात भूत दिसते!"

"दिस की. भुताकडं कोण बघत न्हाई."

मिनलनं कोट काढला आणि आईच्या हातात दिला. "आई, लहान आहे ती. बघणाऱ्यांनी माना खाली घालाव्यात."

"घालतील की गं," आई हसली. "पण बस तर आत्ता यायचीय."

मग तिनं कोटाची घडी करून हातावर टाकली, दोन पावलं सरकली आणि उगाचच टपरीच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. मिनलला वाटलं, रुसली. बस आली, मैत्री गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच... फार त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले. असं म्हणतातच ते.

आणि आज पुन्हा स्पर्धा होती. जाता-येता मुलींनी पोशाखावर ट्रॅकसूट घालावा का, असं कोचनं पालकांच्या ग्रुपवर विचारलं होतं. कुणाचे तरी आजोबा, सोपानराव, यांचं मत आलं होतं — झाकलेलं बरं, दिवस वाईट आहेत. खाली एका आईचं — मग फुटबॉलवाल्या पोरांच्या चड्ड्याही झाका, काका. लोक हसले होते आणि आता मिनल काय लिहिते याची वाट पाहत होते. ती नेहमी लिहायची, मुद्देसूद, संदर्भ देऊन. आज चार ओळी लिहून तिनं पुसल्या. लिहिलेलं सगळं खरं होतं. पण त्या खऱ्यात तो कोट कुठंच मावत नव्हता...

तो आईनं शिवून घेतला होता तेव्हा मी नववीत, मिनलला आठवत गेलं. चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर बायकांना शर्ट-पँट सक्तीची झाली आणि आईनं टेलरला सांगितलं, घोट्यापर्यंत पाहिजे, पँट दिसता कामा नये. पिंपरीच्या आमच्या गल्लीतून कंपनीच्या बसपर्यंत ती गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद होऊन जायची. तरी कुणीतरी म्हणायचंच, "काय जयमालाबाई, आज साहेब व्हय?" आई चालण्याचा वेग वाढवायची.

एकदा कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. लाइनपाशी आई उभी होती — करडा शर्ट, करडी पँट, गळ्यात ओळखपत्र, एक हात खिशात. खिशात! आईच्या हातांना घरी कधी अशी जागाच नव्हती. ती कुणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगत होती, हसत होती, आणि समोरचा माणूस ऐकत होता. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं... मग गेटपाशी तिनं कोट घातला, बटणं लावली आणि गल्लीतली झाली. परतीच्या बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "बरी दिसत होते का गं? का येडपट?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शब्द फार मोठे होते, तोंडात मावेनात. आणि ती — तिनं माझ्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला असेल? पुन्हा कधी विचारलं नाही. कोट मात्र नोकरी सुटली तरी सुटला नाही.

"आई, चल ना." मैत्री दारात उभी होती, निळी, चमकती. तिची नजर खुंटीवरच्या आजीच्या कोटाकडे गेली. "हा नको हं मला."

"नको घालूस."

"मागच्या वेळी टपरीवरच्या एका काकांनी फोन असा उभा धरला होता. आजी मध्ये येऊन उभी राहिली." मैत्री बुटाची नाडी बांधत होती, वर न पाहता बोलत होती. "तू पण तशीच उभी राहा. चालेल?"

मिनलनं मान हलवली.

गेटबाहेर ऊन होतं. टपरीवर तीच माणसं किंवा तसलीच दुसरी. मिनल दोन पावलं सरकली, टपरीकडे तोंड करून उभी राहिली. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. आईच्याही आलं असेल. हातांचं काय करावं ते कळेना. मग एक हात तिनं जीन्सच्या खिशात घातला. ग्रुपवर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. पाठीमागं मैत्री आहे, समोर माणसं आहेत, हे कळत असूनही ती मोठ्यानं बोलली — गल्लीतल्या, नववीतल्या पोरीच्या आवाजात —

"आई, त्या शर्ट-पँटीत तू लय भारी दिसत होतीस."