माझ्या पडद्यावरचे हसे

मित्रांनो, दूध संस्थेच्या मागच्या खोलीत, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांखाली पडलेला जुना कृष्णधवल दूरदर्शन संच म्हणजे मी. माझी कीव करू नका. माझे सरकते लाकडी दार मोडले, काच धुळीने आंधळी झाली, याचे मला फारसे दुःख नाही. मला राग आहे, आणि तो इतकी वर्षे पोटात ठेवून मी थकलो आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी तीस-चाळीस बायका ओळीने बसत. हातात तापलेली सळई घेऊन त्यांनी माझ्या पोटातल्या एकेका तारेला डाख दिला. एक सांधा चुकला तरी संच मुका होतो, म्हणून त्यांची नजर क्षणभरही ढळत नसे. त्यांच्यातल्याच एकीने शेवटी मला चालू करून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. पुढे माझ्या हातून जे झाले ते आठवले की सगळ्यात आधी मला त्या बायकांची लाज वाटते.

१९८५ साली मी कळंब तालुक्यातल्या या गावात आलो. एसटीच्या टपावरून, वाकळेत गुंडाळून मला आणले होते. गावातला मी पहिलाच संच. दूध संस्थेच्या पुढच्या खोलीत मला ठेवले. संस्थेचे चेअरमन नानासाहेब यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, सचिव रेवणप्पाने उंच बांबूला अँटेना बांधली. वस्त्यांवरून माणसे मला बघायला येत. सतरंजीवर पुरुष बसत. बायका दाराबाहेर चरव्या घेऊन उभ्या राहत आणि तिथूनच माना उंचावून बघत. संस्थेत येणाऱ्या दुधाची जवळजवळ प्रत्येक धार त्यांनीच काढलेली असे, पण सतरंजीवर या असे त्यांना कोणी म्हटले नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागे. तिच्यात शालू नावाची बायको होती. ती इस्त्रीने शर्ट जाळी, पंख्याचे बटण दाबायला जाऊन सगळ्या घराची वीज घालवी, दुकानात गेली की भलतेच आणी. तिचा नवरा कपाळाला हात लावी, आणि लगेच न दिसणारी माणसे खो खो हसत. ते हसू कोणाचे होते, मला माहीत नाही. कुठेतरी टेपवर भरून ठेवलेले ते हसू शालूने तोंड उघडले की माझ्या तोंडून बाहेर पडे. भाग कोणताही असो, शालूला अक्कल नसे आणि नवऱ्याचे कधी चुकत नसे.

खरे सांगतो, पहिले काही गुरुवार मलाही मजा वाटली.

मग गावात ते नाव फिरू लागले. कोणाची घागर फुटली की शालू. कोणी बाई ग्रामपंचायतीत काही विचारायला गेली की शालू आली. आधी पोरे म्हणत, पुढे त्यांचे बापही म्हणू लागले. बायका ऐकत आणि पदर सावरून चालू लागत. त्या टिंगलीतला एकही शब्द गावाने स्वतः शोधलेला नव्हता. सगळे मीच पुरवले होते.

माझ्या शेजारच्या टेबलाशी कमलबाई दूध तपासायची. ती सातवी पास होती आणि पंधरा दिवस जिल्ह्याच्या गावी राहून हे काम शिकून आली होती. गावातला एकही पुरुष त्यासाठी पंधरा दिवस घर सोडायला तयार नव्हता, म्हणून ते तिच्याकडे आले. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक कांडी असते. ती दुधात सोडायची. चांगल्या दुधात ती अठ्ठावीसच्या आसपास तरंगते, पाणी घातले की खाली जाते आणि आकडा उतरतो. कमलबाई डोळा पार कांडीच्या रेषेला आणून आकडा वाची.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, कडबा लांबून आणावा लागे. दूध निम्म्यावर आले. त्यातच कळंबच्या बाजूच्या शीतकरण केंद्रातून आमचे कॅन पातळ म्हणून परत येऊ लागले. कमलबाईने प्रत्येकाचे दूध वेगळे तपासायला घेतले. तिसऱ्या दिवशी तिला चोरी सापडली. पाणी नानासाहेबांच्या चरवीत होते. तिने चारचौघांत बोभाटा केला नाही. नानासाहेबांना बाजूला बोलावून हळूच सांगितले.

गुरुवार होता. मालिका नुकतीच संपली होती. नानासाहेब सतरंजीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "कमलनं कांडी उलटी धरली आसंल. त्या शालूवानी."

सगळी खोली हसली. मित्रांनो, ते हसू मी लगेच ओळखले. तेच टेपवरचे हसू होते, त्याच जागी सुरू होणारे आणि त्याच जागी थांबणारे. रेवणप्पाने कांडीवरचा आकडा स्वतः पाहिला होता. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पंचमंडळाने ठरवले की यंत्राचे काम बाईकडे नको. कांडी रेवणप्पाकडे गेली. चेअरमनांची चरवी आली की तो भलतीकडे बघे. कॅन आणखी चार वेळा परत आले. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाने चार वेळा दूध ओढ्याच्या कोरड्या पात्रात ओतले. मग केंद्राचा निरोप आला की आणखी एकदा असे झाले तर या गावचे दूध कायमचे बंद. त्या वर्षी शेतात काही पिकले नव्हते. घरे चालत होती ती म्हशींवर.

त्या गुरुवारी मालिका सुरू झाली. शालू शिडीवर चढली होती. तेवढ्यात नानासाहेबांची बायको सिताबाई चरवी घेऊन दारात आली. एरवी त्यांचे दूध गडी आणत असे. सिताबाई दाराबाहेर थांबली नाही. सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत सरळ माझ्यासमोर आली आणि तिने मला बंद केले. आयुष्यात मला इतके हायसे कधी वाटले नव्हते.

ती म्हणाली, "कमल, पुढं ये. ह्या दुधात कांडी सोड. सगळ्यांला दिसंल अशी."

नानासाहेबांनी तिला घरी जायला सांगितले.

सिताबाईचा आवाज चढला नाही. "घरीच तर बघते म्या. धार म्या काढते, अन् तांब्याभर पाणी तुमी वतता. कमलची कांडी उलटी नव्हती."

कमलबाई टेबलाशी आली, पण तिने कांडी स्वतः दुधात सोडली नाही. ती उचलून रेवणप्पापुढे धरली. "तुमीच सोडा, रेवणप्पा. अन् मोठ्यानं वाचा."

कांडी दुधात गेली आणि खाली खाली गेली. रेवणप्पाने डोळा रेषेला नेला.

"अठरा," तो म्हणाला.

मागून कोणीतरी म्हणाले, आता लावा की मालिका. त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

पुढचे दोन दिवस एकाही बाईने संस्थेत दूध घातले नाही. कमलबाई टेबलाशी बसल्याशिवाय घालणार नाही, एवढाच त्यांचा निरोप होता. तिसऱ्या दिवशी रेवणप्पा स्वतः तिच्या दारी जाऊन कांडी देऊन आला. त्यानंतर कॅन परत आले नाहीत. नानासाहेबांना मात्र काही झाले नाही. ते आणखी वर्षभर चेअरमन राहिले. सिताबाईशी ते दोन महिने बोलले नाहीत. दूध घालायला आता ती स्वतः यायची. बायकांनी काळजीने विचारले, तेव्हा तिने सांगितले की घरात लई शांत वाटतंय.

शालूची मालिका पुढेही चालू राहिली. दर गुरुवारी मी तेच ओकत राहिलो. काही वर्षांनी रंगीत संच आला आणि मला या खोलीत टाकले. भिंतीपलीकडून मला आजही ऐकू येते. बायकोची नावे बदलली, पण अक्कल अजून नवऱ्यालाच आहे आणि हसू त्याच जागी येते.

मित्रांनो, नव्या संचावरची धूळ रोज पुसता तशी त्यातून बाहेर येणाऱ्या गोष्टींचीही झाडाझडती घेत जा. कोणाला हसायचे हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका. माझ्या अंगावरची पोती काढायची गरज नाही, मला माफही करू नका. पण सगळा दोष माझ्यावर टाकून मोकळे होऊ नका. मी यंत्र होतो, जे आले ते दाखवणे मला भाग होते. त्या सतरंजीवर मात्र माणसे बसली होती.