पुरणानंतरची चटणी

हां, तिथं बसू नका. पाट्यावर बसू नये, एवढं तरी घरच्यांनी शिकवलं असेल. दिसायला मी धोंडा दिसतो, पण मी पाटा आहे, लोधीपुऱ्यातल्या दिगंबर मास्तरांच्या घरचा. माझ्या कुशीत आडवा पडलाय तो माझा वरवंटा. आमची कधी ताटातूट झालेली नाही. शेजारीण नुसता वरवंटा उसना मागायला आली, तर या घरानं तिला आम्हा दोघांनाही दिलं, नाहीतर सरळ नाही म्हटलं.

तापीकाठच्या काळ्या खडकातून पाथरवटानं मला फोडून काढलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण आलं नाही, खरखरीतपणा आला, आणि स्वयंपाकघरात तोच कामाचा. धुरपदाबाई लग्न होऊन या घरात आली, त्याच वर्षी मीही आलो. म्हणजे आम्ही दोघं बरोबरीचेच. तिची पहिली लेक मालू जन्मली तेव्हा पाचवीला माझी पूजा झाली. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवला. तेव्हापासून हा शहाणा स्वतःला मालूचा थोरला भाऊ समजतो.

आता एक गुपित सांगतो. हे मला, वरवंट्याला आणि धुरपदाबाईलाच माहीत होतं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

मालू व्हायच्या आदल्या साली संवत छपन्नचा दुष्काळ पडला. बाजारात दाणा मिळेना, विहिरींना पाणी उरलं नाही. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांना उपाशी कसं ठेवायचं? धुरपदाबाईनं मूठभर हरभऱ्याच्या डाळीचं पुरण माझ्यावर वाटलं. त्यातलं बोटभर माझ्या टाकीच्या खाचांत अडकून राहिलं. ते धुवायचं म्हणजे अन्नही वाया आणि पाणीही. तिनं दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग तिनं त्या पुरणाच्या लेपावरच कैरी, हिरवी मिरची, जिरं आणि मीठ वाटून काढलं. कैरीच्या आंबटाला गुळाचा हलका गोडवा आला, मागून जायफळ दरवळलं. जेवताना घरच्यांनी बोटं चाटली.

पुढे सुकाळ आला, तरी तिनं प्रत्येक आखाजीला तसंच केलं. सांगितलं मात्र कुणाला नाही. कसं सांगणार? धुरपदाबाई म्हणजे स्वच्छतेला गल्लीत नाव. ती न धुतलेल्या पाट्यावर चटणी वाटते हे बायकांना कळलं असतं, तर तिला नळावर, आडावर तोंड दाखवता आलं नसतं. मालूच्या धाकट्या भावाची, दिगंबरची, बायको होऊन कोकिळा आली तेव्हा तिलाही तिनं एकच धडा दिला. "पाटा लख्ख धुवायचा, बाई. एका वाटणाचा वास दुसऱ्याला लागता कामा नये." आणि आखाजीच्या सकाळी पुरण वाटून झालं, की त्याच कोकिळेला केळीची पानं आणायला बाहेर पिटाळायची. मला हसू यायचं, पण दगडाचं हसणं कोण ऐकतंय?

लोक चटणी खाऊन म्हणायचे, धुरपदाबाईच्या हाताला चव आहे. हाताला! आणि मी काय तिथं माशा मारत होतो?

मग एका वर्षी पौषात धुरपदाबाई गेली. आखाजी तोंडावर आली आणि सासरहून, डोईफोडियाहून मालूबाईचा निरोप आला. एरवी ती आखाजीला माहेरी आली की आठ-आठ दिवस हलायची नाही. या वेळी निरोप होता, "सकाळी येते, जेवून निघते."

समोरची शारदा तेव्हा ताक न्यायला आली होती. ती म्हणाली, "तसंच असतं कोकिळे. माय गेली की माहेर उंबऱ्यापुरतं. आता ती पाहुणी."

त्या दिवशी कोकिळेनं माझ्यावर मिरच्या अशा काही रगडल्या, की वरवंटासुद्धा चपापला. या पोरीला नणंदेचा लळा होता. नवी नवरी होती तेव्हा तिचे पहिले मांडे खापरावर फाटले होते, आणि मालूबाईनं ते सगळे गुपचूप स्वतःच्या पानात घेतले होते. तीच मालूबाई आता माहेराला दुरावत चालली होती, आणि तिला धरून कसं ठेवावं हे कोकिळेला समजत नव्हतं.

मग तिनं ताटाचा विचार सुरू केला. मांडे, आंब्याचा रस, कटाची आमटी हे ठरलेलं. त्यात निवडायचं काय? सगळं अडलं होतं डाव्या बाजूला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. पोट भरतं ते मधल्या जिनसांनी, पण घर ओळखू येतं ते या बोटबोटभर जिनसांनी. काकडीची कोशिंबीर तिनं पक्की केली, कुरडया डब्यात होत्याच, लोणचं सासूच्याच हातचं उरलं होतं. राहिली चटणी.

आठ दिवस ती चटण्याच वाटत होती. तिळाची केली. जवसाची केली. कैरीत ओलं खोबरं घातलं, एकदा पुदिना, एकदा भाजलेलं डाळं. गूळसुद्धा घालून पाहिला, तर नुसता गुळचट पाक झाला. दर वेळी आधी मला दोन तांबे पाण्यानं लख्ख धुवायची. इमानदार सून! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

दिगंबर शाळेतून आला की बशी पुढे व्हायची.

"कशी झाली?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे? सासूबाईंसारखी?"

"आईची निराळी होती," एवढं बोलून मास्तर पुस्तकात डोकं घालायचे. मुलांना नकाशे शिकवणारा माणूस, घरात वाट दाखवायला मात्र काही कामाचा नाही.

आखाजीच्या दिवशी मालूबाईची गाडी जैनाबादच्या बाजूनं नदी उतरून ऊन चढायच्या आतच दारात आली. खाली उतरता उतरता तिनं गाडीवानाला सांगितलं, "सुकलाल, बैल सोडू नकोस. जेवलं की निघू." आत कोकिळेच्या हातातला वरवंटा थांबला. तिनं ऐकलं होतं.

"ताई, या. पाय धुवा. तुम्ही झोक्यावर बसा बरं. काही करायचं नाही तुम्ही."

"अगं, मांड्यांना तरी हात लावते."

"नाही नाही. आज माहेरवाशिणीनं कामाला हात लावायचा नसतो."

मायेनंच म्हणाली बिचारी. पण मालूबाईचा चेहरा पडला. ज्या घरात ती रांगली, तिथं ती पदर सावरून झोक्यावर बसली, आणि दिगंबर तिला विचारत होता, "काय ताई, कपाशीचं कसं आहे यंदा तुमच्याकडे?" परक्या पाहुण्याला विचारतात तसं. मला भडभडून आलं. दगडालाही येतं, खोटं नाही सांगत.

आत पुरण वाटून झालं. कोकिळेनं ते पातेल्यात काढलं आणि मला धुवायला तांब्या उचलला. कळशीच्या काठावर तांब्या खणकन वाजला.

पुढच्याच क्षणी मालूबाई दारात उभी. पदर खांद्यावरून उतरलेला, झोका मागे रिकामाच हलतोय.

"थांब, कोकिळा. धुऊ नको तो."

"अहो, पुरण लागलंय ताई सगळं."

"लागलेलंच पाहिजे."

"पण सासूबाई तर मला नेहमी..."

"तुला धुवायला लावायची, मलाही लावायची. आणि आखाजीला तुला कुठं पाठवायची?"

"पानं आणायला."

"मला झोक्यावर. मी खिडकीतून बघायची." मालूबाई माझ्याजवळ फतकल मारून बसली. "वाट. कैरी मी चिरून देते."

कोकिळा वाटत गेली, मालूबाई फोडी टाकत गेली. चटणी झाली तशी मालूबाईनं बोटभर उचलली आणि आधी कोकिळेच्याच जिभेवर ठेवली. कोकिळेनं ती जिभेवर घोळवली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"आठ दिवस डोकं फोडून घेतलं मी. वाटत होतं, हे चुकलं तर तुम्ही पुन्हा यायच्याच नाहीत."

मालूबाईनं खाली पाहिलं. "मी तसंच ठरवून आले होते गं. आई नाही, आता इथं कुणासाठी यायचं, म्हणून." मग तिला रडू फुटलं, आणि कोकिळेनं चटणीच्या हातांनीच तिला जवळ घेतलं.

दिगंबरनं निखाऱ्यावर पितरांचा घास टाकला, त्यात ती चटणी आठवणीनं घातली. पानावर बसल्यावर त्यानं पहिलं बोट चटणीला लावलं. एरवी 'बरी आहे' म्हणून सोडून देणारा हा माणूस! खाली मान घालून त्यानं चटणी तीनदा मागून घेतली.

हात धुऊन मालूबाई ओट्यावर गेली. सुकलाल जेवून गाडीशी उभा होता.

"निघायचं का, बाई?"

"बैल सोड, सुकलाल. पुढच्या सोमवारी ये."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कोकिळेचे केस पिकले. मालूबाई काठी टेकत येते, पण प्रत्येक आखाजीला येते, आणि आल्या आल्या आधी मला विचारते, "काय रे, कोरडाच ना? कुणी धुतलं नाही ना?" माझ्या टाक्या बुजत चालल्यात आणि वरवंटा मधोमध झिजलाय. एवढ्यात कुणी टाकी लावणारी गल्लीत ओरडत गेली, तर तिला हाक मारा, तेवढे उपकार करा. बाकी मला रोज धुवा, चांगलं घासून धुवा. फक्त आखाजीला पुरण वाटून झालं की तांब्या जरा लांब ठेवा, मालूबाई यायची आहे.